किनाऱ्याजवळचे शार्क वाचवायला नुसती बंदी पुरेल का?

खाजणवाट
शार्क पकडायला बंदी घाला म्हणून सह्या गोळा चालल्यात, मी पण केली, पण मला वाटतं किनाऱ्यालगतच्या शार्कना नुसत्या बंदीने फार काही मिळणार नाही. २०२१ च्या आययूसीएनच्या (कोणते जीव धोक्यात आहेत त्याची यादी ठेवणारी जागतिक संस्था) आढाव्यात शार्क, पाकट आणि त्यांच्या भाऊबंदांच्या एक तृतीयांशाहून जास्त जाती धोक्यात निघाल्या, कारण बेसुमार मासेमारी. पण बऱ्याचदा जाळं लावलेलं असतं दुसऱ्याच माशासाठी आणि हे त्यात अडकतात. हॅमरहेड, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याचा शार्क, तर नुसत्या झटापटीनेच दमून मरतो. मग नियमाप्रमाणे तो परत पाण्यात टाकला काय न टाकला काय, मेला तो मेलाच ना? त्यापेक्षा पिल्लं कुठे जन्मतात त्या उथळ खाड्या, ती खारफुटी शोधा आणि त्या महिन्यांत तिथे जाळी नकोत.

भरतीओहोटी
अजिबात पटलं नाही. सँडबार शार्कची मादी वयात यायलाच दहा वर्षांच्या वर लागतात, मग जवळजवळ वर्षभर पोटात पिल्लं, ती पण आठ-दहाच आणि दरवर्षी नाहीत. तुम्ही डेटा जमवत बसाल तोवर एक पिढी संपलेली असेल. आणि पिल्लं काय, तशीही बरीच मरतात, वाचायला हव्यात त्या मोठ्या माद्या आणि त्या काही तुमच्या खाडीत राहत नाहीत, त्या बाहेर मोठ्या पाण्यात मारल्या जातात. बंदी आधी, अभ्यास नंतर.

जुनी दोरी
मी बरीच वर्षं बोटीवर काढलीत म्हणून लिहितो. एकाच दोरीवरचे गळ ओढताना टायगर शार्क वर आला की शेपटीने फळ्या हाणायचा आणि त्याच्या पुढच्याच गळावरचा हॅमरहेड लाकडासारखा ताठ, डोळ्यांवर आधीच पांढुरकी झाक. दोघं एकाच वेळेला पाण्यात होते! म्हणजे हॅमरहेडसारख्या नाजूक जातींचं दोरी किती तास पाण्यात ठेवली यावरच सगळं आहे, आणि ते फक्त बोटीवरच्या माणसाला माहीत असतं, त्याला कोणी विचारत नाही, डायरेक्ट बंदीचा कागद येतो. अमेरिकेत २००८ पासून सँडबार शार्क फक्त संशोधनाच्या परवान्यावर पकडता येतो, बोटीवर निरीक्षक असतो आणि मोजमापं त्याच फेरीत होतात. असं का नाही करत सगळीकडे?

खाजणवाट
@भरतीओहोटी, माद्या खाडीत राहत नाहीत हे बरोबर, पण येतात. बहामाजमधल्या बिमिनीत लेमन शार्कच्या पिल्लांना वर्षानुवर्षं टॅग (ओळखीची खूण) लावून डीएनए घेतले, तेव्हा कळलं की १९९० च्या दशकात तिथे जन्मलेल्या काही माद्या १४ ते १७ वर्षांनी पिल्लं द्यायला त्याच जागी परत आल्या. ती खाडी बुजवली तर त्या कुठे जाणार? मी एकदा टॅगिंगला मदतीला गेलो होतो, हातभर पिल्लू, उलटं केलं की एकदम शांत पडतं, पोटाकडे बघितलं तर पुढच्या दोन पंखांच्या मधे बेंबीची चीर अजून उघडीच. काही दिवसांचं बाळ होतं ते. तेव्हापासून मला खाडी म्हटलं की तेच दिसतं.

भरतीओहोटी
बेंबीचं वाचून मी पण थांबलो जरा. खाडी वाचवू नका असं म्हणत नाहीच मी. पण २०१३ ला सायटीसने (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) हॅमरहेडच्या व्यापारावर नियंत्रण आणलं आणि २०२२ ला रेक्विएम शार्कचं (सँडबार, लेमन ज्यात येतात ते) अख्खं कुळ त्यात घेतलं, ते सगळ्यांच्या खाड्या सापडेपर्यंत थांबून नाही. कायदा नसता तर विकले जाणारे शार्कचे पंख कुठून कुठे चाललेत याची नोंद तरी कोणी ठेवली असती का?

जुनी दोरी
नोंद कागदावर, ठीक. पण खाडी बंद कुठल्या महिन्यात ठेवायची ते कोण ठरवणार ते सांगा आधी. मी रोज किती वाजता दोरी टाकली, किती वाजता उचलली, पोटात पिल्लं असलेली मादी कधी लागली हे वहीत लिहायचो. वह्या अजून आहेत, कोणाला हव्या असतील तर फोटो काढून टाकतो.