विषय: गुरुवारची झोनिंग बोर्डाची सुनावणी: सह्या की माणसं?

नमस्कार मंडळी,

आपल्या इथे न्यू जर्सीत, जुन्या नर्सरीच्या जागेवर ज्येष्ठांसाठी तीन मजली संकुल येतंय, हे एव्हाना सगळ्यांच्या कानावर आलंच असेल. जागेच्या वापराच्या नियमांतून त्याला सूट द्यायची का, हे टाउनशिपचं झोनिंग बोर्ड गुरुवारच्या सुनावणीत बघणार आहे. आमचं घर २०० फुटांच्या आत, म्हणून आम्हाला सर्टिफाइड टपालाने नोटीस आली. शाळेच्या वेळेला त्या रस्त्यावर आधीच गाडी हलत नाही, त्यात ही भर. मंडळाच्या नावाने विरोधाचं निवेदन तयार करून सोबत जोडलं आहे. बुधवारपर्यंत सगळ्यांनी सही करावी. भरपूर सह्या जमल्या तर बोर्डाला दखल घ्यावीच लागेल.

*

दादा, नमस्कार.

रहदारीची तुमची काळजी खरी आहे, मीही रोज त्याच रस्त्याने स्टेशनला जाते. पण निवेदन थांबवा, ही कळकळीची विनंती.

मागे एका गोदामाच्या अर्जाच्या वेळी आम्ही जानेवारीच्या थंडीत दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. बोर्डाच्या वकिलांनी तो गठ्ठा हातातसुद्धा घेतला नाही. फार अपमान वाटला तेव्हा. नंतर नियम वाचल्यावर कारण कळलं. न्यू जर्सीत ही सुनावणी जवळजवळ कोर्टासारखी चालते. बोलणाऱ्याने शपथ घ्यायची आणि समोरच्या वकिलाला त्याची उलटतपासणी करता आली पाहिजे. कागदाची उलटतपासणी होत नाही, म्हणून बहुतेक बोर्डं पत्रं आणि निवेदनं पुराव्यात धरत नाहीत. शिवाय मंडळ ही नोंदणीकृत संस्था. संस्थेच्या वतीने उभं राहायचं तर वकील लागतो. तुम्हाला, मला, कुणाच्याही आजीला मात्र स्वतःच्या नावाने बोलता येतं.

मंगळवारी दुपारी टाउनशिपच्या ऑफिसात जाऊन मी नकाशे पाहिले. सुनावणीच्या किमान १० दिवस आधी ते लोकांना बघायला ठेवावेच लागतात. संकुलाचे दोन भाग आहेत. एका बाजूला असिस्टेड लिव्हिंग, म्हणजे रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या ज्येष्ठांची राहायची सोय, दुसऱ्या बाजूला ५५ वर्षांवरच्यांसाठी फ्लॅट. जागा फक्त एकेकट्या घरांसाठी ठरवलेल्या भागात (झोनमध्ये) असल्याने यूज व्हेरिअन्स, म्हणजे वेगळ्या वापराची खास परवानगी, लागतो. त्याला सातपैकी पाच मतं हवीत.

पण इथेच मेख आहे. असिस्टेड लिव्हिंगला इथली कोर्टं मुळातच लोकहिताचा वापर मानत आली आहेत. अशा अर्जाचं वजन कसं करायचं, ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली वॉल टाउनशिपच्या सिका खटल्यात घालून दिलं. लोकहित किती मोठं ते पाहायचं, शेजाऱ्यांना त्रास कोणता ते पाहायचं, तो त्रास अटी घालून कमी करता येतो का ते तपासायचं आणि मग तोलायचं. म्हणजे नुसतं ‘नको’ म्हणून आपण तिथे फारसे टिकणार नाही. ५५ वर्षांवरच्यांच्या फ्लॅटना तो दर्जा आपोआप मिळत नाही, त्यामुळे तिथे प्रश्न विचारायला जागा आहे. पण आपला खरा उपयोग अटी घालून घेण्यात आहे. संकुल झालं तर पुढची पन्नास वर्षं तरी ते तिथे उभं असणार.

नकाशातली एक गोष्ट तर मला झोपू देईना. फुटपाथ संकुलाच्या कुंपणापाशी संपतो. तिथून बस स्टॉप आणि आपलं वाण्याचं दुकान दिसतं, पण मधे नुसती गवताची पट्टी आणि उतार. माझी आई ७९ वर्षांची आहे, साताऱ्याहून इथे येऊन तिला चार वर्षं झाली. त्या पट्टीवरून एकदा वॉकर घेऊन निघाली होती. चाकं चिखलात रुतली. ती तशीच दांडा घट्ट धरून उभी राहिली, बाजूने गाड्या चाललेल्या. मी धावत पोहोचले तेव्हा तिची बोटं पांढरी पडली होती. म्हणाली, “अगं, सातारला मी एकटी राजवाड्यापर्यंत भाजीला जात होते.” त्यानंतर ती घराबाहेर पडते ती माझ्या सुट्टीच्या दिवशीच, तेही गाडीतून.

म्हणून अर्जदाराचा, म्हणजे संकुल बांधू पाहणाऱ्यांचा, ट्रॅफिक इंजिनिअर बोलून झाला की मी त्याला एकच प्रश्न विचारणार आहे: वॉकर घेतलेली बाई इथून बस स्टॉपपर्यंत कशी जाईल? कुंपणाबाहेरच्या कामाची सक्ती करायला बोर्डाचे हात बरेच बांधलेले असतात. पण अर्जदाराने सुनावणीत आपणहून कबूल केलं, तर ते बोर्डाच्या ठरावात अट म्हणून लिहून घेता येतं. मग ती पाळावीच लागते.

दादा, तुम्ही गाड्यांचं बोला. सकाळी पावणेआठला नाक्यावर किती गाड्या थांबतात, डावीकडे वळायला किती वेळ लागतो, ते दोन दिवस मोजा आणि शपथेवर तेवढंच सांगा. मागच्या गल्लीतल्यांनी दिव्यांचा झोत, माल उतरवायच्या गाड्यांच्या वेळा आणि कुंपणालगतची झाडं यांवर बोलावं. घरांच्या किमती पडतील, कर वाढेल, कसले लोक राहायला येतील, हे काढू नका. शेवटचं तर मला ऐकवतही नाही. तिथे राहायला येणारी माणसं म्हणजे आपलेच आईवडील, आणि थोड्या वर्षांनी आपण.

*

ताई, सविस्तर लिहिलंत, आभार. निवेदन मागे घेतो. उद्या सकाळी वही घेऊन नाक्यावर उभा राहतो. एक विचारू? एक मजला तरी आपल्या लोकांसाठी राखीव ठेवा, स्वयंपाकघर शाकाहारी ठेवा, असं सांगता येईल का?

*

राखीव नाही, दादा. अमेरिकेच्या १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याने वंश, धर्म, मूळ देश बघून घर द्यायला किंवा नाकारायला बंदी आहे. सूट फक्त वयाला आहे. १९९५ च्या दुरुस्तीप्रमाणे निदान ८० टक्के घरांत ५५ वर्षांवरचं एक तरी माणूस राहत असलं पाहिजे. आणि ही सूट बाकी कुठल्याच भेदभावाला लागू नाही. जेवणाचा प्रश्न जमिनीच्या वापराचा नाही, त्यामुळे तो बोर्डापुढे काढू नका. संकुल चालवणाऱ्यांना मध्यंतरात भेटून तो विचारू. वरण-भात, मऊ पोळी, जेवायला एकत्र बसायची जागा, एवढं मी नक्की विचारणार आहे.

गुरुवारी सुनावणी साडेसातला आहे. आईला घेऊन मी पावणेसातला निघते, गाडीत दोन जागा आहेत. तिला बोलायचं आहे, मराठीतून. दुभाष्याची सोय होईल का, ते बोर्डाच्या सेक्रेटरीला उद्या फोन करून विचारते.