चेनचा खडखडाट: घरी तपासणी की थेट चेनसेट बदल?

प्रश्न (चिपळूण)

माझ्याकडे आठ वर्षे जुनी, 97.2 सीसीची स्प्लेंडर आहे आणि रोज जाऊन-येऊन सुमारे 40 किलोमीटर प्रवास होतो. इंजिन ऑइल बदलणे आणि प्लग साफ करणे ही कामे मी दोन वर्षांपासून अंगणातच करतो. चेनला मात्र आजवर हात लावलेला नाही, कारण ती कव्हरच्या आत असल्याने दिसत नाही आणि त्यामुळे तिची आठवणही होत नाही. यंदाचा पावसाळा सरल्यापासून ॲक्सिलरेटर सोडला की खालून खडखड असा आवाज येतो. आमच्या मेकॅनिकने गाडी पाहताक्षणी पूर्ण चेनसेट, म्हणजे चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चाके (स्प्रॉकेट), बदलण्यास सांगितले. चेन खरोखर संपली आहे की केवळ सैल झाली आहे, हे घरी खात्रीने ठरवता येईल का? शिवाय इंजिनातून काढलेले जुने ऑइल मी डब्यात साठवून ठेवले आहे. ते चेनला लावले तर चालेल का?

उत्तर 1 (निवृत्त मेकॅनिक, सांगली)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ही सवय गावोगावी आहे आणि मीही उमेदवारीच्या काळात तेच करीत असे. जुन्या ऑइलमध्ये धातूचा बारीक चुरा आणि काजळी असते, त्यामुळे ते वंगणाचे काम थोडे आणि घासण्याचे काम जास्त करते. चेनसाठी 90 नंबरचे गिअर ऑइल घ्यावे. डब्यातले ऑइल गटारात न ओतता गॅरेजमध्ये द्यावे, तेथे ते जमा केले जाते.

आता चेन संपली आहे की नाही, याविषयी. 100 सीसीच्या बहुतेक गाड्यांना 428 मापाची चेन असते आणि तिच्या दोन लगतच्या पिनांमधील अंतर 12.7 मिलिमीटर असते. म्हणजे 21 पिना मोजल्या, तर पहिल्या पिनेच्या मध्यापासून शेवटच्या पिनेच्या मध्यापर्यंत नव्या चेनमध्ये 254 मिलिमीटर भरले पाहिजेत. चेन लांबते म्हणजे पत्र्या ताणल्या जातात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पिना आणि त्यांभोवतीच्या बुशी झिजतात आणि प्रत्येक सांध्यातील ती किंचित झीज एकत्र येऊन लांबी वाढते. हेच माप 259 च्या पुढे गेले असेल, तर चेन कितीही ओढून घेतली तरी आवाज पुन्हा येणार, हे निश्चित समजावे.

मोजण्यासाठी गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि चेन कव्हरचे दोन्ही भाग काढा. नंतर गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने उलटे दाबून धरा. वरची चेन ताठ होते आणि माप चुकत नाही. मागच्या स्प्रॉकेटचे दातही पाहावेत. ते एका बाजूला वाकल्यासारखे, टोकदार झाले असतील, तर केवळ चेन बदलून पैसे वाचत नाहीत, कारण झिजलेले दात नवी चेन लवकर खातात.

उत्तर 2 (पुणे)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. तरीही माप घेण्याआधी चेन स्वच्छ करावी, अन्यथा चिखलाने जखडलेल्या कड्या फसवतात. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल आणि जुना टूथब्रश पुरेसा आहे. चाक हाताने फिरवावे. इंजिन सुरू करून, गिअर टाकून फिरत्या चेनवर फडके धरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात फडक्यासोबत बोटही स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते. हा मोह कितीही घाई असली तरी टाळावा.

माप ठीक निघाले आणि चेन केवळ सैल असेल, तर खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली हलवून पाहावे. ही हालचाल किती असावी, याचा गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. या वर्गातील गाड्यांसाठी तो साधारण 25 मिलिमीटरच्या आसपास असतो. चाक थोडे थोडे फिरवून चार-पाच ठिकाणी पाहावे आणि जिथे चेन सर्वांत ताठ असेल, तिथेच माप जुळवावे. आवाज जावा म्हणून चेन तारेसारखी ताणण्याची चूक मी स्वतः केली आहे. आपण गाडीवर बसलो की मागचा भाग दबतो आणि चेन आणखी ताणली जाते. तो भार गिअरबॉक्सच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर येतो. माझ्या बाबतीत आवाज गेला, परंतु काही महिन्यांनी मागच्या चाकाचे बेअरिंग बदलावे लागले.

उत्तर 3 (निवृत्त मेकॅनिक, सांगली)

एक गोष्ट राहिली. चेन ओढून घेताना ॲक्सल नट (चाकाच्या आसाचा नट) आणि चेनच्या बाजूचा स्लीव्ह नट सैल करून दोन्ही ॲडजस्टर, म्हणजे चाक मागे सरकवणारे स्क्रू, सारखेच फिरवावेत आणि दोन्ही बाजूंच्या खुणा जुळतात का ते पाहावे, नाहीतर चाक तिरपे बसते. चाक मागे सरकले की ब्रेकचा रॉड ताणला जातो, म्हणून शेवटी ब्रेक पेडलची मोकळीक आणि मागचा ब्रेकचा दिवा दोन्ही तपासावेत. घरी काम करणारे नेमके हेच विसरतात, आणि मग ब्रेक थोडा लागलेल्या अवस्थेतच गाडी दिवसभर पळते.

प्रश्नकर्ता (चिपळूण)

रविवारी सकाळी कव्हर उघडले. आत वाळलेला तांबडा चिखल होता आणि चेन जवळजवळ कोरडी होती. स्वच्छ केल्यावर तीनदा मोजले; 262, 261, 262 असे माप आले आणि मागच्या स्प्रॉकेटचे दातही एका बाजूला झुकलेले दिसले. त्यामुळे मेकॅनिकचे म्हणणे बरोबर होते, हे मान्य करावे लागते. फक्त त्यांनी ते कव्हर न उघडता कसे ओळखले, हे मला अजून उमगलेले नाही. पुढच्या आठवड्यात सेट बदलून घेईन आणि त्यानंतर दर 500 किलोमीटरला, पावसाळ्यात त्याहून लवकर, कव्हर उघडून ऑइल घालीन. बदलताना मी तेथेच उभा राहणार आहे. काय पाहावे?

उत्तर 4 (निवृत्त मेकॅनिक, सांगली)

जोडकडीची क्लिप पाहा. चेनच्या वरच्या बाजूला असताना तिचे बंद टोक पुढे, म्हणजे चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला, असले पाहिजे. उलटी बसली तर ती निसटू शकते. मेकॅनिकने कसे ओळखले म्हणाल, तर त्यांनी बहुधा कव्हरचे खालचे बूच काढून तिथून बोट घालून चेन हलवून पाहिली असेल. आम्ही सगळेच तसे करतो, गिऱ्हाईकाच्या लक्षात येत नाही इतकेच.