मित्राच्या साठीला काय द्यावं?

बी-३०२: नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर अनुभवी माणसं आहेत म्हणून विचारतो. माझ्या शाळेपासूनच्या मित्राला ९ नोव्हेंबरला साठ पूर्ण होतायत. तो चिंचवडला राहतो, या ग्रुपवर नाही, त्यामुळे मोकळेपणानं लिहितोय. आम्ही चार वर्गमित्रांनी प्रत्येकी २,५०० काढलेत, म्हणजे १०,००० झाले. पन्नाशीला आम्ही त्याला सफारीचं कापड दिलं होतं. परवा त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनी कपाट आवरत होत्या. ते कापड तसंच होतं, दुकानाच्या पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. कुणी काही बोललं नाही, पण मला फार लागलं. या वेळी तसं व्हायला नको.

ए-१०४: चांदीचं नाणं द्या. वाया जात नाही.

सी-२०१: काका, स्मार्टवॉच द्या. चालायला जात असतील तर पावलं मोजतं, झोपही कळते.

बी-३०२: मनगटाला तो काहीच बांधत नाही रे. चौतीस वर्षं कंपनीत पंच करून झालं, आता वेळ बघायची नाही म्हणतो.

ए-३०३: साठीला शाल-श्रीफळ हवंच. बाकी काय द्यायचं ते द्या.

बी-३०२: ते होणारच काका. घरी साठीशांत आहे, वहिनींनी गुरुजी ठरवलेत. मी आम्हा मित्रांकडून काय द्यायचं ते विचारतोय.

ए-१०१: भाऊ, मी सांगते. आमच्या ह्यांच्या निवृत्तीला भिंतीवरची पाच घड्याळं आली होती. तीन वाटली, दोन अजून माळ्यावर आहेत. त्यांच्या एका मित्रानं मात्र बॅटरी आणली होती, चांगली जड, पत्र्याची. गावाला रात्री मोटार चालू करायला हे विहिरीवर जातात, वाटेत खडक आहे, हे त्या मित्राला ठाऊक होतं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. ती बॅटरी माझ्या उशाशी असते. लाइट गेले की हात आपसूक तिच्यावर जातो. त्या भल्या माणसानं दुकानात जायच्या आधी ह्यांचा विचार केला होता, एवढंच.

बी-४०३: काकू, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

सी-५०१: काका, काकूंचं अगदी पटलं. तुमचे मित्र निवृत्तीनंतर दिवसभर करतात काय?

बी-३०२: पक्षी बघतो ताई. दुसरं काही नाही. रविवारी पहाटे कवडीपाट, मधल्या वारी पाषाण तलाव. थंडीत दोनदा तरी भिगवण. मी एकदा बरोबर गेलो होतो. नदीवर एक काळा-पांढरा खंड्या हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबला होता आणि मग दगडासारखा खाली पडला. हा माणूस श्वास रोखून उभा. नंतर मला म्हणाला, "कवड्या खंड्या. बघितलास?" मला नुसता ठिपका दिसला होता.

सी-५०१: त्यांच्याकडे दुर्बीण कुठली आहे?

बी-३०२: जुनी आहे एक. आता तुम्ही विचारलंत म्हणून आठवतंय, तो बघताना डावा डोळा मिटून घेतो. मी विचारलं तर म्हणाला, डाव्या नळीत बुरशी आलीय, धुकं दिसतं. पट्टा तुटलाय, तिथे बुटाची नाडी बांधलीय.

सी-५०१: मग काका, तुमचं उत्तर तुमच्यासमोर आहे.

बी-३०२: खरंच की. तीन आठवडे आम्ही पाकीट, परफ्यूम, पेनचा सेट यावरच घोळ घालत होतो.

सचिव: सूचना: टाकी साफ करायची असल्याने उद्या सकाळी ११ ते १ पाणी बंद राहील. कृपया भरून ठेवावे.

डी-६०२: दुर्बीण ऑनलाइन हजाराच्या आतही दिसते. ३०×६० लिहिलेली. मग १०,००० कशाला घालवायचे?

सी-५०१: दादा, ती घेऊ नका, कळकळीनं सांगते. पक्षी बघायचं माझं पहिलं वर्ष तसल्याच एका दुर्बिणीपायी फुकट गेलं. तिच्यावर छापलेल्या आकड्याचा आणि खऱ्या ताकदीचा बहुतेक वेळा काही संबंध नसतो. जरा सविस्तर लिहिते, कारण बघायला न येणारी दुर्बीण हौशी माणसाच्या हातात दिली की तो बिचारा स्वतःच्याच डोळ्यांना दोष देत बसतो.

दोन आकडे असतात. ८×४२ मधला ८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. डोळ्याशी येणारा उजेडाचा गोल तेवढ्या मिलिमीटरचा असतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये तोच गोल अडीचचा होतो, म्हणून पहाटे झाडाखाली तिच्यातून काळपट दिसतं. उलट ७×५० मध्ये तो सातच्या वर जातो, पण साठीत डोळ्याची बाहुली अंधारातही तेवढी उघडत नाही, मग जास्तीचा उजेड वाया आणि वजनाचा भार मात्र गळ्याला. पाणथळीवर पहाटे उभं राहणाऱ्या माणसासाठी ८×४२ हीच योग्य.

डी-६०२: आणि १०×४२? जास्त जवळ दिसेल ना?

सी-५०१: जवळ दिसेल, पण हाताचा थरथरही दहापट दिसेल, आणि एका नजरेत मावणारी जागा कमी होईल. उडता पक्षी सापडेपर्यंत निघून जातो. चाकानं कमी-जास्त करायची झूमवाली तर मुळीच नको, ती ताकद वाढवली की चित्र अंधारतं.

काका, ते चष्मा लावतात का? हे फार महत्त्वाचं आहे.

बी-३०२: लावतो. जाड आहे.

सी-५०१: मग खोक्यावर 'आय रिलीफ' शोधा. भिंगापासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं त्याचं ते माप. चष्मेवाल्याला १५ मिलिमीटर तरी हवं, १७ असलं तर उत्तम. डोळ्याकडची रबरी वाटी पिळून खाली बसणारी हवी. नाहीतर ते प्रत्येक वेळी चष्मा कपाळावर सरकवतील आणि तेवढ्यात पक्षी उडेल.

आणि आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी घ्या. आपल्या पावसाळ्यात साध्या दुर्बिणीत दमट हवा शिरते, त्यातूनच ही बुरशी. तुमच्या रकमेत अशी मिळेल. थोडे उरले तर खांद्यांवरून पाठीवर येणारा पट्टा घ्या. दुर्बिणीचं पाऊण किलोच्या आसपासचं वजन तीन तास मानेवर घेणं साठीत बरं नाही.

बी-४०३: एक विचारू? जुनी दुर्बीण त्यांना कुणी दिली होती? नवी दिल्यावर "ती टाकून द्या" असा अर्थ निघायला नको.

बी-३०२: बरं विचारलंत. ती त्याच्या थोरल्या भावाची. भाऊ मर्चंट नेव्हीत होता, तो गेल्यावर ही याच्याकडे आली. म्हणूनच बहुतेक नवी घेत नाही. मी इतकी वर्षं त्याला चिकट म्हणत आलो.

ए-१०१: मग ती जुनी पण नीट करून द्या हो.

सी-५०१: होऊ शकतं काकू. कॅमेऱ्यांची दुरुस्ती करणारे जुने कारागीर असतात, ते नळी उघडून बुरशी साफ करतात. बुरशीनं काचेवरचा लेप खाल्ला असेल तर डाग राहतो, पण दिसायला लागतं. फक्त जोडताना दोन्ही नळ्या अगदी एका रेषेत बसवून घ्या. जरा इकडेतिकडे झालं तरी दहा मिनिटांत डोकं चढतं. पण काका, ती त्यांना न सांगता उचलू नका. भावाची वस्तू आहे.

बी-३०२: नाही, त्याला विचारूनच. नवी त्याच्या हातात दिल्यावर मी म्हणेन, दादाची साफ करायला देऊया का. त्याला द्यावीशी वाटली तर देईल.

ए-३०३: ९ तारीख म्हणजे पक्षी सप्ताहात येते की. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२, त्या दोन तारखांच्या मधला आठवडा. माझा नातू शाळेच्या तक्त्यावर हे लिहीत होता. शाल पांघरून झाली की दुर्बीण द्या, छान होईल.

बी-३०२: काका, हे माहीतच नव्हतं! त्याला नक्की माहीत असणार, पण आम्हाला माहीत आहे हे बघून त्याला किती बरं वाटेल.

सी-५०१: घेण्याआधी माझी ८×४२ वापरून बघा. उद्या सकाळी साडेसहाला गच्चीवर या. उजवा डोळा मिटून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करायचं, मग डावा मिटून उजवीकडची कडी फिरवायची. एकदा जमवलं की नंतर फक्त मधलं चाक. तुम्हाला आलं की तुम्ही मित्राला दाखवू शकाल. त्यांनी जुनीत इतकी वर्षं एकाच डोळ्यानं बघितलंय, कडी विसरले असतील. सूर्याकडे मात्र चुकूनही वळवायची नाही.

*(दुसऱ्या दिवशी)*

बी-३०२: मंडळी, आत्ताच गच्चीवरून आलो. टाकीच्या कडेला साळुंकी बसली होती. तिच्या डोळ्यामागे पिवळी कातडी असते हे मला साठ वर्षांत माहीत नव्हतं! पायही तसेच पिवळे. ती मान वाकडी करून बघत होती ते थेट माझ्याकडेच बघतेय असं वाटलं. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की पक्षी चित्रासारखा सपाट दिसत नाही, त्याला अंग येतं. आणि हा माणूस किती वर्षं एक डोळा मिटून बघतोय.

बाकीच्या तिघांना फोन केला. तिघंही हो म्हणाले. एकानं तर पट्ट्याचे पैसे वेगळे देतो म्हटलं. वहिनींना फक्त एवढंच विचारलं, चष्म्याशिवाय त्याला लांबचं दिसतं का. म्हणाल्या, अजिबात नाही.

शनिवारी दुकानात जातोय. ताई, तुम्ही याल का बरोबर? हातात धरून बघायला जाणतं माणूस हवं.

सी-५०१: येते काका. साडेअकराला खाली गेटपाशी. तुमचाही चष्मा घेऊन या, लावूनच बघायचंय.

ए-१०१: परत आलात की मला दाखवा हो. मला ती साळुंकी बघायचीय.