अंतराळात आवाज नसते म्हनून पिच्चरही मुका ठेवला, हे कौतुकाचं काम की निस्ता बोअर?

ओलीतवाला :
राजेहो, हरभऱ्याले पानी द्याची रातची पाळी होती, थ्री फेजची लाइन या हप्त्यात रातीच हाय, तं धुऱ्यावर बसून मोबाइलवर कुब्रिक डायरेक्टरचा '२००१ : अ स्पेस ओडिसी' पायला. १९६८ चा पिच्चर, म्हंजे मानूस चंद्रावर उतराच्या एक साल आधीचा. सुरवातीची २५ मिनिटं कोनी एक शब्द बोलत नाही, वानरासारखे आदिमानव नुसते हाडं आपटतात, मीबी दोनदा बंद करत होतो. पन पुढं एक जन यानाच्या बाहेर जाते आन् आपल्याले फक्त त्याचा श्वास ऐकू येते, लय वेळ तेच, आन् मंग एकदम काहीच नाही. राती चालू मोटर लाइन गेल्यावर बंद पडली की कानाले कसं होते, तसं झालं बाप्पा. हवाच नाही तं आवाज कुठून येईन, हे इतक्या सरळ कोनं दाखोलं?

खुर्ची_मोडली :
श्वासच ऐकाचा असन तं आजोबा झोपले की ऐका ना, फुकट हाय 😂 काया दगड उभा हाय, कोनं ठेवला, काहून ठेवला सांगत नाही, शेवटी म्हातारा पलंगावर आन् मंग डायरेक्ट बाळ. पिच्चर पाहून वरतून यूट्यूबवर अर्धा घंटा समजून घ्या लागते म्हंजे डायरेक्टरनं काम अर्ध्यावर सोडलं. न समजल्याचं कौतुक कराची फॅशन झाली हाय.

ओलीतवाला :
लोणारच्या खड्ड्याले आपले लोक लवणासुराची गोष्ट सांगत आले, उल्का पडून झाला हे लय उशिरा समजलं. त्याच्या आधीबी काठावर उभं रायलं की छातीत धडधड होतच असन ना? आन् ते गोल फिरनारं यान पाय, त्यात मानूस धावते. कॉम्प्युटरवर नाही केलं, जत्रेतल्या पाळन्यावानी खराखुरा भला मोठा चाक बांधला, नट खालीच धावते, चाक फिरते. याच कामाचा, स्पेशल इफेक्टचा, ऑस्कर भेटला, कुब्रिकले जल्मात तेवढाच एक.

रातभर_नाटक :
मी गडचिरोलीकडला. झाडीपट्टीचं नाटक रातभर चालते, थंडीत लोक घोंगडं घेऊन बसतात, म्हनून लांब हाय ही तक्रारच नाही. पन आमच्याकडं पब्लिक मधातून उठली तं नाटक पडलं म्हनतात, पब्लिकले अक्कल नाही असं कोनी म्हनत नाही. चाक फिरवला, मानलं. पन पब्लिक कुठं बसवली?

पडदा_पायजे :
७० एमएमचा पिच्चर हातभर पन नाही अशा पडद्यावर पाहून भांडून रायले तुमी दोघं.

ओलीतवाला :
मंग इथं कोनता ७० एमएम लागते भाऊ, तालुक्याची टाकीज बंद होऊन किती सालं झाले. रातभर_नाटक, तुमचं मले पटलं थोडं, शेवटची २० मिनिटं मलेबी काही कयली नाही, रंगच रंग. पन घरी येऊन झोप नाही लागली, मंग काय म्हनाचं याले?

खुर्ची_मोडली :
चहा जास्त झाला असन. बरं, आज माहीबी पाळी हाय, २ वाजता लाइन येते. पयले २५ मिनिटं पुढं ढकलून पायतो.

ओलीतवाला :
तेच ढकलू नको ना बे.