धागा: तुमचं काम ज्यातून सुरू झालं ते एक दृश्य, एक सूर, एक अक्षर

माध्यम अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाबरोबर प्रेरणांवर एक टिपण जोडायचं असतं. आमच्या वर्गातली टिपणं चाळली तर दिग्दर्शकांच्या आणि संगीतकारांच्या नावांच्या रांगा दिसतात. नावांना हरकत नाही. पण त्या माणसाच्या कामात नेमकं काय पाहिलं, काय ऐकलं आणि मग स्वतः काय करून बघितलं, हे त्यात कुठेच सापडत नाही. मला तेच वाचायचं आहे. सिनेमा, संगीत, अक्षरकला, पोस्टर, रेडिओ, काहीही चालेल. एकच गोष्ट सांगा, पण खोलात जाऊन सांगा. शिकणारे, शिकून बाहेर पडलेले, शिकवणारे, सगळ्यांनी लिहावं.

सुरुवात माझ्यापासून. मी ध्वनी हा विषय घेतलाय. 'कुंकू' (१९३७) पाहिला तो अभ्यासक्रमात आहे म्हणून. म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावून दिलेली नीरा म्हणजे शांता आपटे, आणि काकासाहेब म्हणजे केशवराव दाते. बराच वेळ पाहिल्यावर लक्षात आलं की याला पार्श्वसंगीतच नाही. भिंतीवरचं घड्याळ, पावलं, घरातल्या वस्तूंचे आवाज, एवढंच. गाण्याला साथ लागते तिथे ती दृश्याच्या आतूनच येते, ग्रामोफोनसुद्धा त्या घरातला. मराठी बोलपट येऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती, 'अयोध्येचा राजा' १९३२चा. आवाज हाताशी आल्यावर तो भरभरून वापरायचा मोह सगळ्यांना असणार. दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि संगीतकार केशवराव भोळे यांनी तो आवरला, आणि त्यामुळे नीरा गप्प बसते तेव्हा तिचं गप्प बसणंही ऐकू येतं.

माझी लघुपट-कथा एकट्या राहणाऱ्या मावशीची आहे. त्यावर बासरी आणि पियानो लावून ठेवला होता, तो सगळा काढला. मग घरातल्या प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसता खोलीचा आवाज घेतला, ज्याला आम्ही रूम टोन म्हणतो. स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर आहे, पुढच्या खोलीत रस्ता आहे, मागच्या खोलीत शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून झिरपतो. मावशी एका खोलीतून दुसरीत जाते तेव्हा ऐकणाऱ्यालाही उंबरा ओलांडल्याचं कळतं. आता याच विषयात पुढे शिकायचं ठरवलंय.

अक्षरांच्या मागे लागलेली, गिरगाव

आमच्या घरी रविवारचा पेपर आला की मी आधी नाटकांच्या जाहिरातींचं पान उघडायचे. नाटकं फारशी पाहिली नव्हती. मला शीर्षकं बघायची असायची. ती कमल शेडगे यांची असतात हे खूप नंतर कळलं. पान छोटं, शाई साधी, चौकटीला चौकट चिकटलेली, आणि तरी नाव वाचायच्या आधी समजायचं की हे ऐतिहासिक आहे, हा फार्स आहे, हे घरगुती रडवणारं आहे. ते सगळं शिरोरेखेची जाडी, काना किती खाली ओढला, वेलांटी कुठे सोडली, यांतून साधलेलं. शेडगे २०२० साली गेले. कात्रणांची माझी वही अजून भरतेय.

दुसरं टोक म्हणजे र. कृ. जोशी. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात त्यांनी शिकवलं, आणि विंडोजवरचा 'मंगल' टंक, म्हणजे फॉन्ट, त्यांचा. लोक मंगलला सपक म्हणतात. मला ते पटत नाही. एवढी जोडाक्षरं, रफार, उकार संगणकाच्या पडद्यावर न मोडता बसवणं हे केवढं काम आहे, हे स्वतः एक 'द्ध्य' काढून बघा म्हणजे कळेल. आणि एक टाइप या गटाचा 'मोदक' टंक पाहिला नसेल तर जरूर पाहा. अक्षरं इतकी गुबगुबीत की त्यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा जवळजवळ मिटून नुसती चीर उरते. तरीही वाचता येतं.

मी सध्या वर्गमित्रांच्या लघुपटांची शीर्षकं हाताने काढते, कट निबने, मग स्कॅन करून. ज्यांना संगणकावरच मराठी शीर्षक करायचं आहे त्यांच्यासाठी: संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं टेक्स्ट इंजिन वेगळं निवडावं लागतं, नाहीतर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. दोन ओळींमधलं अंतरही रोमन मजकुरापेक्षा जास्त ठेवा, मात्रा आणि रफार वरच्या ओळीत घुसतात. मराठी चित्रपटाच्या पहिल्याच चौकटीत मोडलेली मराठी दिसली की मला खरंच वाईट वाटतं.

कोल्हापूर, कला दिग्दर्शन

आमच्या आजोबांचा साइनबोर्ड रंगवायचा धंदा. छोट्या कागदावर चित्र, त्यावर चौकटी, तशाच मोठ्या चौकटी भिंतीवर, आणि मग एकेक चौकट भरत जायची. मला वाटायचं ही फक्त पेंटरची युक्ती. बाबूराव पेंटरांबद्दल वाचल्यावर उलगडलं. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा माणूस, त्यानं स्वतः कॅमेरा बनवला, १९२० ला 'सैरंध्री' आणला, १९२५ ला 'सावकारी पाश'. आणि चित्रीकरणाआधी पात्रांची, पोशाखांची रेखाटनं काढायचे. दामले, फत्तेलाल, शांताराम सगळे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. म्हणजे वर ताईंनी जो 'कुंकू' सांगितला त्याचं मूळ आमच्या गावात येतं.

मी प्रत्येक शॉट आधी कागदावर काढतो, आजोबांच्याच चौकटी पाडून. सेटवर कॅमेरावाल्याशी वाद होत नाही, चित्र पुढं ठेवायचं.

करमाळा तालुका, संकलन

ताईंनी आवाज काढून टाकण्याचं लिहिलंय, मला त्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल सांगायचंय.

'सैराट'चं (२०१६) चित्रीकरण आमच्या भागातलं. केळीच्या बागा, विहिरी, उजनीचं पाणी, हे आम्ही रोज बघतो, पण ते कधी बघण्यासारखं वाटलं नव्हतं. चित्रपट आला तेव्हा मी शाळेत होतो. थिएटरात 'झिंगाट'ला लोक पडद्यापुढं जाऊन नाचले, आम्हीही नाचलो. तेव्हा मला चित्रपट म्हणजे तेवढाच कळला.

संकलन शिकायला लागल्यावर तो परत पाहिला, यावेळी कागद-पेन घेऊन, कुठं संगीत आहे आणि कुठं नाही एवढंच लिहीत. अजय-अतुल यांनी यातला वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला. पूर्वार्धात तो सगळीकडं भरून आहे. परश्या पळतो तर व्हायोलिनं पळतात. जेऊरच्या बाजूच्या पोराच्या प्रेमाला एवढा मोठा वाद्यवृंद मिळतो, ही गोष्टच मला फार मोठी वाटते, कारण आमच्यासारख्यांच्या प्रेमाला पडद्यावर एवढी इज्जत कुणी दिली नव्हती. मग हैदराबाद येतं, खोली येते, भांडण येतं, आणि संगीत कमी कमी होत जातं. शेवटी ते लहान मूल बाहेर चालत येतं, पावलं लाल उमटतात, आणि पडद्यावर काहीच वाजत नाही. आवाजच नाही. पूर्वार्धात कानांना ती सवय लावली नसती तर शेवटची शांतता नुसती शांतता राहिली असती. तिथं जे गेलंय ते आपल्या कानांनाही कळतं.

हे समजल्यावर मी माझा माहितीपट उलटा बांधला. विषय ऊसतोड कामगारांचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकर बांधलेला असतो, त्यावर दिवसभर गाणी. मी ती गाणी पहिल्यापासून ठेवली, अगदी मोठ्यानं, बोलणं नीट ऐकू येत नाही एवढी. एका बाईंच्या बाळंतपणाची हकिकत येते तिथं गाणी बंद. त्या बाईंनी हे मला कोपीबाहेर, म्हणजे त्यांच्या झोपडीबाहेर, सांगितलं तेव्हा खरोखर स्पीकर बंदच होता, बॅटरी उतरली होती. मी फक्त त्याच्या आधीचा आणि नंतरचा आवाज खरा ठेवला. गावात दाखवला तेव्हा त्या स्वतः आल्या होत्या. पूर्ण बसून बघितला, आणि परत लावायला सांगितला.

पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, मिरज (अ‍ॅनिमेशन)

माझं छोटंच आहे. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करत टिपली होती, 'अंकुराची वाढ'. पैसे देणाऱ्यांना पटावं म्हणून केलेला तो प्रयोग. मी मटकीवर केला. खिडकीचा उजेड सारखा बदलतो आणि चित्र लुकलुकतं, म्हणून रिकामं कपाट घेतलं, आत एकच बल्ब, फोन पुस्तकांच्या थप्पीवर पक्का चिकटवलेला, आणि फोकस व एक्स्पोजर लॉक. मोड बाहेर येताना दाणा थोडा वळतो, हे आयुष्यभर उसळ खाऊनही पाहिलं नव्हतं. आता माझ्या सगळ्या पात्रांना मी हलण्याआधी तेवढं वळायला लावते.

फोंडा, गोवा

इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४पासून गोव्यातच होतो, त्यामुळे आमच्या मुलांना जगभरचा सिनेमा बसच्या भाड्यात मिळतो. मला मात्र घरच्याच चित्रपटानं खेचलं. बार्ड्रॉय बार्रेटोंचा 'नाचूया कुंपासार' (२०१४). ख्रिस पेरींची जुनी कोंकणी गाणी घेऊन त्यांच्याभोवती कथा गुंफली आहे, मुंबईच्या क्लबांत जॅझ वाजवणाऱ्या गोंयकार वादकांची. आमच्या घरी मराठी नाट्यसंगीत आणि भजन. कोंकणी गायिका लॉर्नाची गाणी शेजारच्या घरातून ऐकू यायची, तेवढाच संबंध.

चित्रपट पाहून कळलं की ज्या जुन्या हिंदी गाण्यांवर माझे बाबा जीव टाकतात, त्यांच्या वाद्यमेळामागे आमचीच माणसं होती. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. पडद्यावर नाव बहुधा संगीतकाराचं. तेव्हापासून मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या शेजारच्या अंकलांच्या आठवणी रेकॉर्ड करतोय. ते आधी सूर वाजवून दाखवतात, मग आठवण सांगतात. मी तो क्रम कापत नाही.

नागपूर, माहितीपट

दोन चित्रपटांनी मिळून मला एक गोष्ट शिकवली, म्हणून दोन्हींची नावं घेते. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) १४ वर्षं चित्रित होत होता. १९९७चा मुंबईच्या रमाबाई नगरमधला पोलीस गोळीबार आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरेंची आत्महत्या, इथून तो सुरू होतो. आणि चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४), त्यातही शाहीर आहे, वीरा साथीदारांनी केलेला, आणि गाणी संभाजी भगतांची. 'कोर्ट'चा कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. आरोपी, वकील, पुढच्या तारखेची वाट पाहणारे दुसऱ्याच खटल्यातले लोक, सगळे एकाच चौकटीत. कुणाकडे बघायचं ते आपण ठरवायचं.

माझ्या आजीला घेऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत मी पुष्कळदा उभी राहिले आहे. तिथे चित्रीकरणाची परवानगी मिळाल्यावर मला जवळून चेहरे घ्यायचे होते, डोळे, हात, केसपेपर. मग 'कोर्ट' आठवला. तिपाई भिंतीला लावली आणि कॅमेरा हलवलाच नाही. थोड्या वेळाने लोक कॅमेरा विसरले. एका मुलाने रांगेत आपल्या जागी चप्पल ठेवली आणि तो आईला चहा आणायला गेला, परत येईपर्यंत रांगेतला प्रत्येक जण ती चप्पल पायाने हळूच पुढे सरकवत राहिला. क्लोजअपच्या मागे असते तर हे माझ्या चौकटीबाहेर घडलं असतं.

निवृत्त, आकाशवाणीचा जुना श्रोता, सातारा

मुलांनो, छान लिहिताय. माझं एकच. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. वर्षभर, ५६ गीतं, गदिमांचे शब्द आणि बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, चाली. वडील घड्याळ लावून रेडिओपुढे बसत आणि पुढचं गीत आठवड्याने येणार म्हणून सबंध गल्ली त्यावर बोलत राही. पॉडकास्ट करणाऱ्यांनी सगळे भाग एकदम सोडू नयेत असं मला मनापासून वाटतं. ऐकणाऱ्यांना आपसांत बोलायला मधले दिवस लागतात.

अकरावी, लातूर

ताई, कॅमेरा आणि माइक दोन्ही नाहीत, फक्त फोन आहे. रूम टोन फोनवर घेता येतो का?

धागाकर्ती

येतो, नक्की येतो. फोन फ्लाइट मोडवर टाक, केस काढ, हातात न धरता घडी केलेल्या टॉवेलवर ठेव म्हणजे टेबलाची थरथर येणार नाही. रेकॉर्डिंगचं अ‍ॅप असं निवड ज्यात आवाजाची पातळी आपोआप वरखाली होणं बंद करता येतं, नाहीतर शांततेत फोन स्वतःच आवाज वाढवतो आणि सरसर येते. पंखा चालू असताना एकदा घे आणि बंद करून एकदा घे, दोन्ही लागतात. सुरुवातीला स्वतःच्या तोंडाने खोलीचं नाव आणि वेळ बोल, म्हणजे नंतर शोधावं लागत नाही. झालं की इथेच कळव. लातूरच्या दुपारचा आवाज मला ऐकायचाय.