टू फोर डी मारल्यावर गाजरगवत जळण्याआधी पिळवटतंय कशामुळं?

सेलूचा कास्तकार:
राम राम मंडळी. उसात टू फोर डी हे तणनाशक मारून चार दिवस झाले, दुसऱ्याच दिवशी गाजरगवताला पिळा पडला, देठं खाली वाकली, पण पानं अजून हिरवीच दिसायलीत. ऊस जशाला तसा. दुकानदार म्हणाला हे हार्मोनचं औषध आहे. म्हणजे तणात नेमकं होतंय काय? अन् लई काळजी ह्याची की बांधापलीकडच्या कपाशीची शेंड्याची पानं भेंडीच्या पानावानी चिरायलीत.

परभणी अ‍ॅग्री:
दुकानदार बरोबर बोलला दादा. झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, कुठं किती वाढायचं ते त्याच्यावर ठरतं, अन् जास्तीचं झालं की झाड ते मोडून टाकतं. टू फोर डी ही त्याचीच नक्कल, पण रुंद पानाच्या तणाला ती लवकर मोडता येत नाही, म्हणून वाढीचा हुकूम थांबतच नाही. देठाची एक बाजू जास्त वाढली की पिळा पडतो. मग इथिलीन वाढतो, केळी पिकवणारा तोच वायू, अन् त्याच्या मागं अ‍ॅब्सिसिक आम्ल, जे एरवी पाण्याचा ताण पडल्यावर वाढतं. पानावरची छिद्रं मिटतात, अन्न तयार होणं बंद. पूर्ण वाळायला दोन-तीन आठवडेबी लागतात, लगेच दुसरी फवारणी करू नका. ऊस, ज्वारी, गहू गवतकुळातले, ते हे औषध पटकन मोडतात.

जालना १२:
मग ग्लायफोसेट ह्या दुसऱ्या तणनाशकाचंही असंच का?

परभणी अ‍ॅग्री:
नाही, ते झाडातलं एक एन्झाइम अडवतं, त्यानं ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्लं बनत नाहीत. ऑक्सिन ट्रिप्टोफॅनपासूनच बनतं, म्हणून तिथं ते उलट कमी पडतं. पिळा न पडता तण पिवळं पडत जातं.

माजलगावकर:
कपाशीला ह्याचा थेंबबी सहन होत नाही भाऊ. मागच्या साली मी पंप नुसता पाण्यानं विसळला अन् त्यानंच कपाशीवर तुडतुड्याचं औषध मारलं, आठ दिवसांत सगळे शेंडे चिंध्या. खराब शेंडे खुडले, युरियाची फवारणी घेतली, पुढची पानं हळूहळू सरळ आली पण पाती, म्हणजे फुलाच्या कळ्या, लई गळाली. तवापासून तणनाशकाचा पंपच वेगळा ठेवलाय. टू फोर डी इस्टर अन् अमाइन सॉल्ट अशा दोन रूपांत मिळतं. तुमच्या डब्यावर इस्टर लिहिलंय का बघा, त्याची उन्हात वाफ होऊन शेजारच्या रानात जाते. अमाइन सॉल्टचं तेवढं उडत नाही.

सेलूचा कास्तकार:
आत्ताच डबा बघितला, इथाइल इस्टरच आहे. सकाळी त्या शेतकऱ्याला सांगतो अन् शेंडे खुडायला मीच माणसं लावतो.