शब्दचर्चा : ‘समीकरण’ की ‘नित्यसमानता’?

प्रश्न : ठरावीक मुदतीपर्यंत दर वर्षाच्या अखेरीस १ इतका हप्ता मिळत असेल, तर त्या सर्व हप्त्यांचे आजचे मूल्य अ, मुदतीअखेर व्याजासह साचणारी रक्कम स आणि व्याजदर द मानल्यास १/अ = १/स + द असे येते. या विधानाला समीकरण म्हणावे की नित्यसमानता? मी १० टक्के दर आणि २ वर्षे घेऊन आकडे जुळवून पाहिले. तेवढ्यावर ‘सिद्ध झाले’ असे लिहिता येईल का? शिवाय ‘ॲन्युइटी’ला, म्हणजे अशा ठरावीक हप्त्यांच्या मालिकेला, ‘वर्षासन’ म्हणावे की ‘वार्षिकी’?

उत्तर : नित्यसमानताच म्हणावे. समीकरण सोडवायचे असते, म्हणजे ते कोणत्या किमतींना खरे ठरते हे शोधायचे असते. नित्यसमानता मात्र सर्व ग्राह्य किमतींना खरी असते, म्हणून ती सिद्ध करावी लागते. आपण केलेत त्याला पडताळा म्हणतात. त्यात स = १ + १.१ = २.१ आणि अ = २.१/१.२१ येते, व दोन्ही बाजू १२१/२१० भरतात. पडताळा चूक पकडायला उत्तम, पण तो एकाच दराचा आणि एकाच मुदतीचा असतो.

सिद्धता अशी मांडता येईल. मुदत न वर्षांची असून (१ + द) चा न-वा घात म्हणजे घ, असे माना. अ ही भूमिती श्रेढीची, म्हणजे प्रत्येक पद आधीच्या पदाला एकाच संख्येने गुणून मिळते अशा मालिकेची, बेरीज आहे : पहिले पद १/(१ + द), शेवटचे १/घ. तिला (१ + द) ने गुणले की प्रत्येक पद एक घर पुढे सरकते, सुरुवातीला १ येतो आणि शेवटचे १/घ गळते; म्हणून गुणाकारातून मूळ बेरीज वजा केली की मधली सगळी पदे उडून द × अ = १ − १/घ एवढेच उरते. आता आजचे मूल्य मुदतीअखेरपर्यंत व्याजाने वाढवले की साचलेली रक्कम मिळते, म्हणजे स = अ × घ. म्हणून १/अ − १/स = (१/अ) × (१ − १/घ) = (१/अ) × (द × अ) = द.

याचा अर्थही सरळ आहे. १ इतके कर्ज समान हप्त्यांनी फेडायचे तर हप्ता १/अ येतो. तेच कर्ज मुदतीअखेर एकरकमी फेडायचे ठरवले, तर दरवर्षी द इतके व्याज द्यावे लागते आणि मुद्दलासाठी त्याच दराने १/स बाजूला टाकावे लागते. दोन्ही रीतींत वर्षाचा बोजा सारखाच.

‘वार्षिकी’ने वर्षातून एकदा निघणाऱ्या प्रकाशनाचाही बोध होतो, म्हणून मला ‘वर्षासन’ बरे वाटते. त्याचे मूळ रूप ‘वर्षाशन’, वर्ष आणि अशन, म्हणजे वर्षभराचे अन्न. आसनाशी त्याचा संबंध नाही. अडचण एवढीच की हप्ते मासिक असले तरी शब्दात वर्ष राहते, पण ती अडचण मूळ इंग्रजी शब्दातही आहेच. ‘आजचे मूल्य’ ठीक आहे; परिभाषाच हवी तर ‘सद्यमूल्य’ लिहावे. ‘चालू किंमत’ मात्र टाळावे, कारण वाचक त्याचा अर्थ बाजारभाव असा घेईल.

पुन्हा प्रश्न : द शून्य असेल तर अ = (१ − १/घ)/द या सूत्रात शून्याने भागावे लागते. मग ‘नित्य’ हा शब्द टिकतो का?

उत्तर : टिकतो. तो दोष सूत्राच्या त्या रूपाचा आहे. वरच्या सिद्धतेत आपण द ने कुठेही भागलेले नाही. भागले ते अ आणि घ यांनी, आणि ते दोन्ही धनच असतात. दर शून्य असताना अ आणि स दोन्ही न इतकेच होतात आणि विधान १/न = १/न + ० असे उरते.